सहावा-सातवा महिना : सुखाचे दिवस आणि घराची नजर

गर्भारपणाचे पहिले तीन महिने सारे घर जागे असते. सुनेला उलट्या होतात, अन्नाचा वास सहन होत नाही, पहिल्या सोनोग्राफीकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. शेवटच्या दोन महिन्यांतही घर असेच सावध असते. मधला काळ मात्र निवांत जातो. मळमळ थांबलेली असते, भूक लागते, चेहऱ्यावर तेज दिसते. घरातील वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, "आता काळजी नाही, आता फक्त डोहाळजेवणाची तयारी करायची."

हे समाधान रास्तच आहे. बहुतेक स्त्रियांना नऊ महिन्यांतील हाच काळ सर्वांत सुखाचा वाटतो. परंतु याच काळात, म्हणजे साधारण एकविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात, काही बदल गाजावाजा न करता सुरू होतात. ते पुष्कळदा दुखत नाहीत आणि आरशात दिसत नाहीत. गर्भवतीला स्वतःलाही त्यांचा पत्ता लागत नाही. म्हणून या लेखात मी गर्भवतीशी नव्हे, तर तिच्या घरातील ज्येष्ठांशी बोलणार आहे. या दोन महिन्यांत आजी-आजोबांनी काय स्वाभाविक मानावे, कशाकडे लक्ष ठेवावे आणि कोणता आग्रह सोडून द्यावा, एवढाच आजचा विषय.

आत काय घडत असते?

विसाव्या आठवड्यात बाळाचे वजन जेमतेम तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. चोविसाव्या आठवड्यात ते सहाशे ग्रॅमच्या पुढे जाते आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक किलोच्या जवळ येते. म्हणजे दोन महिन्यांत बाळ तिपटीने वाढते. या काळात त्याला आवाज ऐकू येऊ लागतात, मोठ्या आवाजाने ते दचकते. मिटलेल्या पापण्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या आठवड्याच्या सुमारास उघडू लागतात. फुफ्फुसे घडत असली तरी ती अजून कच्ची असतात. एवढ्यात जन्मलेल्या बाळाला श्वासासाठी मोठा झगडा करावा लागतो, तो यामुळेच.

आईच्या शरीरातही मोठी उलथापालथ चाललेली असते. तिच्या अंगातील रक्ताचे प्रमाण वाढत जाऊन पुढे नेहमीच्या जवळजवळ दीडपट होते. हृदयाला त्या प्रमाणात अधिक काम करावे लागते. गर्भाशयाचा वरचा काठ बेंबीच्या पातळीपर्यंत येतो आणि हळूहळू तिच्याही वर जातो. तपासणीच्या वेळी परिचारिका टेपने पोट मोजतात, त्याचे गणित सोपे आहे. चोविसाव्या आठवड्यापासून पुढे सेंटिमीटरचा आकडा आठवड्यांच्या आकड्याच्या जवळपास असावा. तो फारच कमी किंवा जास्त असेल, तर डॉक्टर पुढील तपासणी सांगतात.

पोट पुढे आहे की रुंद आहे, चेहरा उजळला की काळवंडला, यावरून मुलगा की मुलगी हे ओळखण्याची हौस अनेक घरांत अजून टिकून आहे. या अंदाजांना कोणताही आधार नाही. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तर हा प्रश्न ओठांवरही आणू नये. गर्भलिंगतपासणीविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने केला आणि १९९४ साली तो केंद्राच्या पातळीवर झाला. आजीने सहज विचारलेल्या अशा प्रश्नाचे ओझे सून पुढचे चार महिने मनावर वागवीत असते, हेही ध्यानात असावे.

त्रास, पण स्वाभाविक

या काळातील बऱ्याच तक्रारी घरातल्या घरात निभावता येतात. रात्री पोटरीत गोळा येतो. पायाची बोटे अंगाकडे ओढून धरली आणि पोटरी हलकेच चोळली की तो उतरतो. जेवणानंतर छातीत जळजळ होते. थोडे थोडे, चार-पाच वेळा खाणे आणि जेवून लगेच आडवे न होणे हा त्यावरचा पहिला उपाय. लोहाच्या गोळ्यांमुळे शौचाला घट्ट होते व रंग काळा दिसतो. त्यासाठी पाणी, पालेभाज्या, फळे आणि रोजचे चालणे वाढवावे, गोळी बंद करू नये. पटकन उठल्यावर किंवा कूस बदलल्यावर जांघेत, ओटीपोटाच्या बाजूला कळ येते. गर्भाशयाला आधार देणारे बंध ताणले जातात, त्याची ती कळ असते आणि विसावल्यावर थांबते. बेंबीखाली काळपट रेघ उमटते, गालांवर वांग येतात. हे सर्व बाळंतपणानंतर बहुधा फिके होत जाते.

संध्याकाळी घोट्यांवर थोडी सूज येणे आणि ती रात्रभर पाय उंचावून झोपल्यावर उतरणे, हेही नेहमीचेच. झोपताना पाठीवर उताणे झोपण्याऐवजी कुशीवर झोपण्याची सवय आताच लावावी, शक्यतो डाव्या. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळील मोठ्या रक्तवाहिनीवर पडला की घेरी आल्यासारखे वाटते. मध्यरात्री जाग आल्यावर उताणी झोपले असे लक्षात आले, तर घाबरण्याचे कारण नाही, कूस बदलावी एवढेच.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास जाणवू लागते. सुरुवातीला ती अनियमित असते, एखादा दिवस भरपूर, एखादा दिवस थोडी. सातव्या महिन्याकडे जाताना तिला एक लय येते. ही लय आईच्या ओळखीची होते. त्यामुळे "आज बाळ नेहमीसारखे हलले नाही" असे ती म्हणाली, तर "झोपले असेल" असे सांगून तिला गप्प करू नये. चोविसावा आठवडा आला तरी हालचाल मुळीच जाणवली नसेल, किंवा जाणवू लागलेली हालचाल कमी झाली वा थांबली असेल, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.

आवाज न करणारे तीन शत्रू

पहिला शत्रू रक्तदाब. गर्भारपणामुळे उद्भवणारा उच्च रक्तदाब विसाव्या आठवड्यानंतर डोके वर काढतो. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड यांवर परिणाम दिसू लागला, तर माता आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो, झटके येऊ शकतात. सुरुवातीला मात्र काहीच दुखत नाही. एका घरात सातव्या महिन्यातील सून दोन दिवस डोके दुखते म्हणत होती. उन्हामुळे असेल, झोप कमी झाली असेल, असे सर्वांनी धरून चालले. आजोबा रोज सकाळी स्वतःचा रक्तदाब मोजून वहीत लिहीत असत. त्या दिवशी वही मिटता मिटता त्यांनी सुनेला म्हटले, "बाळ, जरा हात पुढे कर पाहू." आकडा आला १५२/९८. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजला, तोच. त्याच दुपारी तिला रुग्णालयात दाखल केले. लघवीत प्रथिने सापडली, उपचार सुरू झाले आणि ते बाळंतपण आणखी सात आठवडे लांबवता आले. त्या सात आठवड्यांनी बाळाच्या फुफ्फुसांना बळ दिले.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे यंत्र आहे. ते या दोन महिन्यांत सुनेसाठी, लेकीसाठी वापरावे. पाच मिनिटे शांत बसवावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर असावा आणि मोजताना बोलू नये. आठवड्यातून एकदा मोजून तारखेसह लिहून ठेवले तरी पुरे. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याहून अधिक आला, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. १६०/११० च्या घरात आकडा गेला, तर तो उतरण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. घरचे यंत्र हे दवाखान्यातील तपासणीला पर्याय नाही, हेही तितकेच खरे. आकडा ठीक आला म्हणून ठरलेली तपासणी चुकवू नये.

दुसरा शत्रू साखर. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे या काळात आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो. म्हणूनच गरोदरपणातील मधुमेहाची तपासणी पहिल्या भेटीत एकदा केली असली, तरी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती पुन्हा करायची असते. आपल्याकडील शासकीय पद्धतीत त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात आणि बरोबर दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली, तर मधुमेह धरून आहाराचे नियोजन सुरू होते. बऱ्याच जणींची साखर आहार आणि चालण्यानेच आटोक्यात येते, काहींना औषध किंवा इन्सुलिन लागते. "आमच्याकडे कुणालाच साखर नाही" या विश्वासावर ही तपासणी टाळू नये. घरात कुणाला मधुमेह असेल, तर ती अधिकच निकडीची.

तिसरा शत्रू रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती, ५२.२ टक्के, रक्तक्षय असलेल्या आढळल्या. म्हणजे सधन, सुशिक्षित घरेही यातून सुटत नाहीत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी निदान १८० दिवस घ्यायची, हा शासनाचा कार्यक्रम आहे. तिचा परिणाम पुष्कळदा आपल्याच सवयींमुळे वाया जातो. चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतलेली गोळी अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नये, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर असावे. लिंबू, आवळा, पेरू यांच्या जोडीने लोह चांगले शोषले जाते. सुनेला माती, पाटीची पेन्सिल, खडू खाण्याची इच्छा होत असेल, तर तो गमतीचा डोहाळा समजू नये. रक्तातील लोह कमी असल्याची ती खूण असू शकते.

आजोबांच्या औषधांचा डबा

वृद्धांच्या घरात औषधांचा डबा हाताशी असतो आणि प्रेमापोटी त्यातील गोळी पुढे केली जाते. सुनेची कंबर दुखते म्हणून सासूबाई आपली गुडघेदुखीची गोळी देतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घेऊ नयेत. त्यांमुळे बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन त्याच्याभोवतीचे पाणी कमी होऊ शकते. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून आपली टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यांसारखी गोळी गर्भवतीला देणे तर फारच घातक, बाळाच्या मूत्रपिंडांची त्याने मोठी हानी होते. गर्भवतीसाठी रक्तदाबाची औषधे वेगळी असतात आणि ती डॉक्टरच ठरवतात.

याची दुसरी बाजूही आहे. काही गर्भवतींना रक्तदाबाचा धोका ओळखून डॉक्टरांनी सुरुवातीपासूनच कमी मात्रेतील ॲस्पिरिन दिलेले असते. "हे तर रक्त पातळ करण्याचे, माझ्या हृदयविकाराचे औषध, तुला कशाला?" असे म्हणून ते परस्पर बंद करवू नये. शंका असेल तर चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचारावे.

ताट, उपास आणि ग्रहण

"दोन जीवांची आहेस, दोघांचे खा" हा आग्रह मायेचा असला तरी हिशेबाचा नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार या काळात रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. एक मध्यम भाकरी, वाटीभर उसळ आणि एखादे फळ यांत ते मिळतात. गरज असते ती ताटातील भात-पोळीची रास वाढवण्याची नव्हे, तर डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, चालत असल्यास मासे, आणि हिरव्या भाज्या वाढवण्याची. महिन्याला साधारण दीड ते दोन किलो वजन वाढणे ठीक. एकाच आठवड्यात ते एकदम किलोभराहून अधिक वाढले, तर ते बाळसे नसून अंगात साठलेले पाणी असू शकते. अशा वेळी रक्तदाब मोजलाच पाहिजे.

याच्या उलट समजूतही काही घरांत आढळते. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून सातव्या महिन्यापासून सुनेचे खाणे कमी करतात. त्यातून कमी वजनाचे, अशक्त मूल जन्माला येते. केशराने बाळ गोरे होत नाही आणि तुपाने वाट मोकळी होत नाही. चमचाभर तूप चवीसाठी घ्यावे, औषध म्हणून वाटीभर नव्हे.

निर्जळी उपास या काळात नकोत. ग्रहणाच्या वेळी गर्भवतीला तासन् तास अन्नपाण्यावाचून एका जागी बसवल्याने बाळाचे रक्षण होत नाही, उलट आईला घेरी येते. हे सुनेने म्हटले तर उद्धटपणा वाटतो. आजींनी स्वतःहून "तू खाऊन घे, वेळेवर पाणी पी" म्हटले, तर तोच विषय एका वाक्यात मिटतो. घरातील ज्येष्ठांच्या शब्दाला असलेले हे वजन या ठिकाणी वापरावे.

सेवा करणारीचीच सेवा

आपल्या वाचकांतील अनेक घरांत एखादी वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असते आणि तिची उठबस सूनच करीत असते. पोटाचा घेर वाढतो तसा शरीराचा तोल पुढे झुकतो, सांधे जोडणारे बंध सैल होतात. अशा अवस्थेत प्रौढ माणसाला पलंगावरून उचलणे, स्नानगृहात सावरणे, हे तिच्या पाठीला आणि दोघांच्याही तोलाला धोक्याचे आहे. सहावा महिना लागताच हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. मुलाने, जावयाने, शेजाऱ्यांनी किंवा मदतनिसांनी वाटून घ्यावे. आजारी आजोबांनी "मला तिच्याच हातची सवय आहे" हा हट्ट सोडणे, ही त्यांनी नातवंडाला दिलेली पहिली भेट ठरेल. तिने मात्र चालावे, हलकी कामे करावीत. पूर्ण विश्रांती डॉक्टरांनी सांगितली नसेल तर ती घरच्यांनी लादू नये.

माहेरी पाठवताना

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. डोहाळजेवण आटोपले की लेक माहेरी येते आणि तिच्याबरोबर साड्या, फराळ, खेळणी येतात. पुष्कळदा मागे राहते ती तपासणीची फाईल. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट, रक्तदाबाची वही आणि चालू औषधांची चिठ्ठी ही तिच्या पर्समध्ये सर्वांत वर असावीत. माहेरी पोचल्यावर आठवड्याभरात तेथील डॉक्टरांना दाखवावे. सोयीचे नसेल त्यांना प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत होणाऱ्या मोफत तपासणीचा लाभ घेता येतो. प्रवास मोटारीने असेल, तर दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. पट्टा लावावाच, खालचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांवरून आणि वरचा भाग पोटाच्या बाजूने, छातीच्या मधून घ्यावा.

तेव्हा सकाळची वाट पाहू नये

पुढील खुणांपैकी एकही दिसली, तर वेळ कोणतीही असो, रुग्णालय गाठावे.

— योनीमार्गातून रक्त जाणे, मग ते थोडे का असेना.
— पाणी एकदम किंवा सतत झिरपणे.
— पोट वारंवार, ठरावीक अंतराने कडक होणे, कंबरेतून ओटीपोटात कळा येणे.
— थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीच्या खाली पोटात वरच्या बाजूला दुखणे.
— चेहरा व हात सुजणे, बोटातील अंगठी अचानक घट्ट होणे.
— बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे.
— ताप, लघवीला जळजळ, धाप लागणे.

पोट अधूनमधून कडक होणे आणि थोड्या वेळाने, कूस बदलल्यावर सैल पडणे हे स्वाभाविक असते. ते नियमित होऊ लागले तर मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शंका घ्यावी. अशा वेळी लवकर पोचण्याला फार मोल आहे. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले, की अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाआधी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिली, तर बाळाची फुफ्फुसे लवकर परिपक्व होतात. आज ही इंजेक्शने आपल्या रुग्णालयांतही दिली जातात. परंतु त्यांचा पुरता गुण येण्यास एखादा दिवस लागतो. घरात "बघू या सकाळी" म्हणून घालवलेली रात्र ही त्या एका दिवसातूनच वजा होते. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे, हे आधीच विचारून ठेवावे.

वाचकहो, या दोन महिन्यांत ज्येष्ठांनी फार काही करावयाचे नसते. आठवड्यातून एकदा रक्तदाब मोजावा, साखरेच्या तपासणीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, गोळी घेतली का हे मायेने विचारावे. आणि दिवसातून एकदा तिच्याजवळ बसून "आज कसे वाटते?" असे विचारून तिचे उत्तर पूर्ण ऐकावे. अनेकदा पहिली तक्रार त्या उत्तराच्या शेवटी, जाता जाता सांगितलेली असते.